जुन्या पिकअपला दुसरी बॅटरी: नऊ महिन्यांचा अनुभव आणि 30 रुपयांची टोपी

बसवायचा सगळा खर्च 11,450 रुपये झाला, त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर घालायच्या 30 रुपयांच्या लाल रबरी टोपीबद्दल, आणि तिच्यावर मी या लेखात लई वेळ घेणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

गाडी 2009 ची डिझेल पिकअप. मॉडेल मुद्दामच लिहीत नाही, कारण इतक्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली प्रत्येक मिस्त्रीनं आपापला संसार मांडलेला असतो. आमची गाडी देवणी तालुक्यातल्या बारा गावांतून दूध गोळा करून उदगीरला नेते, सकाळी आणि संध्याकाळी.

डिझेल वाचावं म्हणून प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करतो. पण दुधाचं फॅट मोजायचं मशीन, वजनकाटा, पावतीचा प्रिंटर आणि हौद्यावरचे दोन एलईडी चालूच राहतात. मिळून आठेक अँपिअर. बारा थांबे, पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे एका खेपेला तीन तास आणि चोवीस अँपिअर-तास. दोन गावांत अंतर तीन-चार किलोमीटर. तेवढ्यात अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा) किती भरणार? बॅटरी रोज अर्धपोटी झोपायची. सेल्फसाठीची बॅटरी पातळ प्लेटांची असते. दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे, एवढंच तिचं काम. तिला तास-तास थोडं थोडं ओढलं आणि पुरतं भरलंच नाही, की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती मरते. आमच्याकडं तीन वर्षांत दोन मेल्या. पहाटे साडेचारला, पौषाच्या थंडीत, गाडीला धक्का द्यायला मी आणि सत्तरीतले तात्या. त्यात तात्या धक्का कमी देतात नि सूचना जास्त.

संक्रांतीनंतर ठरवलं, दुसरी बॅटरी टाकायचीच. घरी इन्व्हर्टरची जुनी ट्यूब्युलर बॅटरी पडून होती, फुकटची, म्हणून आधी तिच्यावरच डोळा होता. टेप लावून बघितला तर बॉनेट लागत नव्हतं. वजन पन्नास किलोच्या वर, आणि खड्ड्यांत ॲसिड उडणार ते वेगळंच. शिवाय जुनी आणि नवी बॅटरी एका तारेवर बांधली की नवी कायम जुनीला पोसत बसते. लिथियमचा विचार भाव ऐकूनच सोडला. तशीही ती इंजिनाच्या धगीत ठेवायची वस्तू नाही. शेवटी 80 अँपिअर-तासाची साधी नवी घेतली, जुनी देऊन 6,800 ला. रिले, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, 1,900, जाड तांब्याची केबल आणि तिच्या टोकाची थिंबल 1,450, अँगलचा ट्रे वेल्डिंग करून 500, मजुरी 800.

रिलेवरून मी मिस्त्रीशी अर्धा तास भांडलो होतो. मला हातानं फिरवायचा स्विच हवा होता, 400 रुपयांचा. तो म्हणाला, "मालक, थांब्या-थांब्याला बॉनेट उघडून स्विच फिरवणार हाव का तुमी? एक दिवस इसरला की दोन्ही बॅटऱ्या बसल्या म्हनून समजा." इथं त्याचं ऐकलं ते बरं झालं. हा रिले व्होल्टेज बघून चालतो. इंजिन चालू होऊन 13.3 व्होल्ट दिसले की दोन्ही बॅटऱ्या जोडतो, 12.8 च्या खाली आलं की तोडतो. मशीन, काटा, दिवे सगळं दुसरीवर. पहिलीला फक्त सेल्फ आणि गाडीचं स्वतःचं. थांब्यावर दुसरी कितीही ढिली पडली तरी पहिली शाबूत.

जानेवारी-फेब्रुवारीत गाडी एकदाही धक्क्यावर गेली नाही. चावी फिरवली की सेल्फ असा ओढायचा की तात्या ओट्यावरून विचारायचे, "इंजिन बदललं का काय?"

मार्चमध्ये एक खोड निघाली. रात्री हेडलाइट लावून गाडी आयडलवर उभी असली की रिले टकटकटक करायचा, जोड-तोड, जोड-तोड. मी रिलेलाच शिव्या देत होतो. निघालं भलतंच: रिलेची काळी वायर रंगाच्या पत्र्यावर स्क्रूनं आवळली होती, रंग न खरवडता. अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हची जोडणी, कच्ची, त्यामुळं रिलेला व्होल्टेज चुकीचा दिसायचा. वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला नेली, दुसऱ्या बॅटरीची अर्थिंगची केबलही चासीवरून काढून इंजिनाच्या जुन्या अर्थिंगच्या पट्टीपाशी आवळली. त्या दिवसापासून आवाज बंद. खर्च शून्य.

मे महिना मात्र महागात गेला. मोकळी जागा सापडली ती एक्झॉस्टच्या बाजूलाच. बाहेर पारा 42 च्या पुढं, आत तर विचारूच नका. पहिल्या बॅटरीला दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर लागतं, हिला तीन आठवड्यांत लागायला लागलं. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं घटतं, हे ऐकून होतो. मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा उभा केला, पत्रा आणि बॅटरीत बोटभर हवा ठेवून. पाणी आता पाच आठवडे पुरतं.

इथपर्यंतचं मी श्रावणात लिहून ठेवलं होतं. शेवटी 'डोळे झाकून बसवून घ्या' असं वाक्य होतं. ते खोडलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या खेपेला, भरलेले कॅन घेऊन येत होतो. पावसानं रस्ता उखडलेला. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि पुढून सटाक्‌ आवाज झाला, दिवे क्षणभर मंद, मग जळका वास. उतरून बॉनेट उघडलं. बॅटरी आवळायच्या हुकाचा नट ढिला होऊन बॅटरी ट्रेमधून एका कडेनं उचललेली, आणि पॉझिटिव्ह टर्मिनल बॉनेटच्या पट्टीला लागून आलेलं. पट्टीवर रुपयाएवढा काळा डाग, टर्मिनलच्या शिशाला खळगा. चिकटून बसलं असतं तर दूध, गाडी आणि मी, तिघांचाही हिशेब तिथंच झाला असता. सीटखालची जुनी हवाई चप्पल कापून तिचा तुकडा टर्मिनलवर दोरीनं बांधला आणि वीसच्या स्पीडनं उदगीर गाठलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं गेलो. तो म्हणाला, "फ्यूज लावलाय की ओ." अरे, फ्यूज केबलवर आहे, टर्मिनलच्या पुढं. टर्मिनलच पत्र्याला लागलं तर करंट फ्यूजमधून जातोच कुठं? त्याची चूक पुढच्या केबलला वाचवायच्या फ्यूजकडून टर्मिनल वाचायची अपेक्षा करण्यात होती, आणि माझी चूक जानेवारीत न विचारण्यात. टोपीचं विचारलं तर म्हणे बॅटरीबरोबर दुकानातूनच येती. दुकानदार म्हणाला, आली असंल, तुम्हीच फेकली असंल. वॉरंटी कार्डावर शिक्का मारताना मात्र त्यानं तीनदा नाव विचारलं होतं. टर्मिनलच्या खळग्याबद्दल बोललो तर कार्ड उलटं करून बारीक अक्षरात बोट ठेवलं.

खरी गोम उंचीत होती. नवी बॅटरी जुनीपेक्षा दोन बोटं उंच, आणि हे बॉनेट लावताना कुणी बघितलंच नव्हतं. बायकोकडून कणकेचा गोळा आणला, टर्मिनलवर ठेवला, बॉनेट सावकाश बंद करून परत उघडलं. गोळा चपटा होऊन पेन्सिलीएवढा जाड उरला होता. एवढ्याच फटीवर मी नऊशे खड्डे काढले. ट्रे खाली घेऊन परत वेल्डिंग केला. आता त्याच जागी गोळा तीन बोटं जाड राहतो. हुकाला दोन-दोन नट, खाली टायरच्या ट्यूबची पट्टी. या कामाचे 350 रुपये गेले. मिस्त्रीनं अर्धेच मागितले, मी पूर्ण दिले, मग त्यानं चहा पाजला.

लाल टोपी मात्र उदगीरमध्ये मिळेना. चार दुकानं पालथी घातली. लातूरला कामानं गेलो तेव्हा स्पेअरच्या दुकानात मिळाली, 30 ला. सहा घेतल्या. दोन गाडीवर, तीन डॅशबोर्डात. सहावी बॅटरीवाल्याच्या काउंटरवर ठेवून आलो. त्यानं ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "कितीला घेतली?"