विश्रामबागमधील क्रीडासाहित्याचे दुकान: मुलीसाठी खरेदी करताना
माझी तेरा वर्षांची मुलगी आता लेदर चेंडूवर क्रिकेट खेळू लागल्याने बॅट, पॅड आणि स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घेण्यासाठी आम्ही सांगलीतील विश्रामबागच्या एका दुकानात गेलो. बॅटीच्या बाबतीत येथील जाण वाखाणण्यासारखी आहे. कारागिराने तिला फलंदाजीच्या पवित्र्यात उभे करून हॅरो या मोठ्या मापाऐवजी सहा नंबरची बॅट सुचवली, लाकडावरच्या रेषा (ग्रेन) मोजत बसण्यापेक्षा उचलताना बॅट किती हलकी वाटते (पिकअप) ते पाहा असे समजावले आणि नवी बॅट ठोकून खेळण्याजोगी करण्याचे काम, म्हणजे नॉकिंगही मनापासून करून दिले. किंमत वाजवी होती.

मालकांचे मत मात्र वेगळे पडले. "ताई, पोरीला इंग्लिश विलो कशाला? दहावी आली की खेळ बंदच होतोय," असे सांगून त्यांनी त्याहून स्वस्त लाकडाची, काश्मीर विलोची बॅट पुढे सरकवली, आणि तिच्याहून लहान मुलाला घेऊन आलेल्या गृहस्थांना लगेच, "आत्तापासनं चांगलीच द्या, उद्या रणजी खेळायचंय त्याला," असा सल्ला दिला. गल्ल्यामागे भारतीय महिला संघाची फलंदाज स्मृती मानधना हिचा मोठा फोटो आहे. याच सांगलीत वाढलेली ती मुलगी नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात निवडली गेली होती, हे तो फोटो लावणाऱ्याला ठाऊक असावे अशी अपेक्षा होती. १८ क्रमांकाची जर्सी मागितली, तर 'विराट' लिहिलेलीच पुढे आली. स्मृतीचाही क्रमांक तोच आहे, हे मुलीने सांगितल्यावर मालक हसले.

मुलांचे गार्ड सर्व मापांत होते, मुलींचा चेस्ट गार्ड (छातीचे संरक्षक कवच) एकही नव्हता. स्पाइक्स म्हणून मुलांचेच लहान माप दिले गेले आणि ते टाचेला सैल पडले. चेंडूचा प्रश्न अधिक गंभीर आहे. नियमांनुसार पुरुषांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा, तर महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा आणि घेरानेही लहान असतो. सरावात एक आणि सामन्यात दुसरा चेंडू आला, की गोलंदाजाची पकड आणि फलंदाजाचे टायमिंग दोन्ही बिघडतात. दुकानात केवळ जड चेंडू आहे.

"मुलींचा माल खपत नाही," हे त्यांचे उत्तर. भारतीय क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले, कसोटीला १५ लाख आणि एकदिवसीयला ६ लाख. तरीही २०२४-२५ च्या वार्षिक करारांत पुरुषांची सर्वोच्च श्रेणी ७ कोटींची आणि महिलांची ५० लाखांची होती, आणि त्या तफावतीचे समर्थनही बाजाराकडे बोट दाखवूनच केले जाते. जे दुकानात ठेवलेच नाही ते खपणार कसे, हे मी विचारले. उत्तर मिळाले नाही.

बॅट आणि तिची दुरुस्ती यांसाठी येथे अवश्य जावे. महिलांचा चेंडू किंवा चेस्ट गार्ड हवा असल्यास आधी फोन करावा. ते मागवून देतात, पण पूर्ण रक्कम आगाऊ घेतात आणि माप चुकल्यास माल परत घेत नाहीत. मुलांच्या साहित्याला ही अट नाही.