धर्मादाय खाट, जन आरोग्य योजना की पालिकेचे रुग्णालय?

मुंबईत आरोग्यविमा नसलेल्या आणि बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबात मोठे आजारपण आले की खासगी दरांखेरीज तीन वाटा उरतात : धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या, रुग्णालयातील राखीव खाट, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि महापालिकेचे रुग्णालय. बहुतेकांना या तिन्हींची माहिती ऐकीव असते, आणि नीट चौकशी होईपर्यंत दागिने मोडून अनामत रक्कम भरलेली असते.

धर्मादाय रुग्णालयांना ही जबाबदारी कायद्याने दिली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. जसलोक, लीलावती, बॉम्बे हॉस्पिटल अशी मोठी रुग्णालयेही या योजनेत येतात. खर्चासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असल्यास रुग्ण निर्धन ठरतो, आणि त्यापुढे ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल घटकात मोडतो.

या दोन गटांमधला फरक प्रवेशाच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही. दुर्बल घटकाला निम्मी सवलत म्हणजे बिल निम्मे, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. सेवांचे शुल्क सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने धरून त्यावर सवलत मिळते. औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य आणि शरीरात बसवायचे भाग मात्र खरेदी किमतीने लावले जातात आणि त्यांचा किमान निम्मा खर्च रुग्णाला द्यावा लागतो. आमच्या शेजारच्या आजींच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. एका धर्मादाय रुग्णालयाच्या खिडकीवर पहिल्या दिवशी ‘खाटा भरल्या आहेत’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले. हेच लेखी द्या, असे त्यांच्या मुलाने म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी खाट मिळाली. पण हाती आलेल्या बिलात कृत्रिम सांध्याची ओळ इतर सर्व ओळींपेक्षा मोठी होती, आणि खाटेच्या भाड्यातली सवलत त्यापुढे नगण्य ठरली.

म्हणूनच स्टेंट, कृत्रिम सांधा किंवा हृदयाची झडप लागणार असेल आणि कुटुंब निर्धन गटात बसत नसेल, तर माझ्या मते आधी जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तिथे उपचाराचे पॅकेज ठरलेले असते. तपासण्या, औषधे, साहित्य आणि जेवण त्यातच येते आणि रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षणाची मर्यादा प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपये करण्यात आली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही योजनेत आली. ३ लाख ६० हजारांच्या किंचित वर असल्यामुळे धर्मादाय सवलतीतून बाहेर पडणाऱ्या रिक्षाचालकाला किंवा दुकानातील नोकराला हाच खरा आधार आहे. अडचण अशी की ठरावीक यादीतील उपचारच मिळतात, तेही संलग्न रुग्णालयातच, आणि एकच रुग्णालय हृदयविकारासाठी संलग्न असले तरी अस्थिविकारासाठी असेलच असे नाही. त्यामुळे दाखल होण्यापूर्वीच त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारून घ्यावे.

आजार यादीत नसेल, निदानच झालेले नसेल किंवा उपचार महिनोन्‌महिने चालणार असतील, तर केईएम, सायन किंवा नायर या पालिकेच्या रुग्णालयांना पर्याय नाही. तिथे उत्पन्नाची अट नाही; नाममात्र शुल्कात केसपेपर निघतो आणि अनुभवी डॉक्टर भेटतात. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते : शस्त्रक्रियेची तारीख लांबते आणि न मिळणाऱ्या औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जावे लागते. अशी चिठ्ठी हाती पडताच पैसे उभे करायला न धावता रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे, कारण गरीब रुग्णांसाठीच्या पुअर बॉक्स चॅरिटी फंडातून आणि देणगीदार संस्थांकडून मदत त्यांच्यामार्फतच मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेले संपूर्ण मोफत उपचार राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरते आहेत. पालिकेच्या केईएमला किंवा वैद्यकीय शिक्षण विभागाच्या जे. जे.ला ते लागू नाहीत.

अपघात किंवा हृदयविकाराचा झटका असेल, तर मात्र तुलना करत बसू नये आणि जवळचे रुग्णालय गाठावे. ते धर्मादाय असेल, तर अनामत रक्कम न मागता रुग्णाला दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नकार मिळाल्यास वेळ आणि संबंधित कर्मचाऱ्याचे नाव लिहून घेऊन धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करता येते.

नियोजित शस्त्रक्रियेसाठी शिधापत्रिका, आधार कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच एका पिशवीत ठेवावा. दाखल्याला काही दिवस लागतात, आणि सवलत मागायची ती दाखल होतानाच, अर्ज लेखी देऊन आणि त्याच्या प्रतीवर पोच घेऊन मागावी; घरी सोडायच्या दिवशी, अंतिम बिल तयार झाल्यावर, ती पदरात पाडून घेणे फार कठीण जाते.