टोकियोतल्या निशी-कासाईत दीड वर्ष मामाचारी चालवल्यावर

दीड वर्ष झालं, जवळजवळ रोज वापरतेय, म्हणून आता नीट लिहिते. नवीन आलेल्या बऱ्याच जणी विचारतात की सायकल घेऊ का, कुठली घेऊ, जुनी चालेल का. मामाचारी म्हणजे इथल्या आयांची सायकल, पुढे मोठं बास्केट, मागे कॅरियर, दांडा इतका खाली की साडी नेसूनही चढता येतं, डबल स्टँड आणि मागच्या चाकाला गोल कुलूप. माझी 26 इंची, तीन गिअरची आहे, डायनॅमो पुढच्या चाकातच असल्यामुळे अंधार पडला की लाईट आपोआप लागतो. पुण्याला परत जाणाऱ्या एका ताईंकडून 5,000 येनला घेतली. नवी साधारण 25-30 हजारांपर्यंत येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे प्रत्येक सायकलची नोंदणी असते, बोहान तोरोकू म्हणतात, सीटखालच्या पाईपवर नंबरचं स्टिकर असतं. ताईंनी किल्ली दिली, मी पैसे दिले, ते स्टिकर कोणाच्या नावावर आहे हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. पहिल्याच महिन्यात रात्री साडेदहाला स्टेशनवरून घरी येताना दोन पोलिसांनी थांबवलं, अगदी नम्रपणे, टॉर्च खाली धरून. नंबर वायरलेसवर वाचला आणि नाव आलं ताईंचं. माझं जपानी तेव्हा "हाय" (हो) आणि "सुमिमासेन" (माफ करा) एवढंच होतं, हातपाय गार पडले. ताईंना फोन लावला, तिकडे संध्याकाळचे सातच वाजले होते, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती, आणि त्यांनी त्यांच्या पक्क्या जपानीत सांगितलं की सायकल मीच दिलीय हिला. तरी चाळीस मिनिटं गेली. त्या पोलिसांवर माझा राग नाही, त्यांचं ते कामच आहे, पण अनोळखी शहरात रात्री आपल्याच सायकलशेजारी आपण चोर नाही हे पटवत उभं राहणं मी विसरू शकत नाही. नंतर ताईंनी हस्तांतराचं पत्र सही करून पोस्टाने पाठवलं तेव्हा कुठे सायकल माझ्या नावावर झाली. त्यामुळे कोणाकडून जुनी घेत असाल तर तो माणूस विमानात बसायच्या आधी ही कागदपत्रं घ्याच.

विमा पण लागतो, टोकियोत एप्रिल 2020 पासून सक्तीचा आहे. वेगळा काढायच्या आधी घराच्या विम्यात तो आधीच आहे का बघा, बऱ्याचदा असतो. आणि 1 एप्रिल 2026 पासून 16 वर्षं किंवा त्यावरच्या सायकलवाल्यांना जागेवर दंडाची पावती मिळते, फोन हातात धरून चालवलं तर 12,000 येन, एका हातात छत्री धरली तर 5,000. म्हणून पावसाळ्यासाठी छत्री विसरा, लांब रेनकोट घ्या. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने जातात त्यामुळे रस्त्याची सवय पटकन होते, पण घंटीची सवय मोडायला मला वेळ लागला. आपल्याकडे कोणी मध्ये आलं की अंगठा आपोआप घंटीवर जातो, इथे चालणाऱ्या माणसाला घंटी वाजवायची नसते, वेग कमी करायचा, नाहीतर उतरून "सुमिमासेन" म्हणायचं.

हा भाग सपाट आहे, गिअर बदलायची वेळ क्वचित येते. अपवाद म्हणजे आराकावा नदीवरचा कासाईबाशी पूल, तिथे चढ आहे आणि समोरून वारा असला तर पहिल्या गिअरवर सुद्धा मांड्या भरून येतात. पण पुलावर मध्यावर थांबलं की लांबवर स्कायट्री टॉवर दिसतो आणि खाली नदी इतकी रुंद की श्वास मोकळा होतो. सायकल येईपर्यंत मला टोकियो म्हणजे तोझाई मेट्रो लाईनची स्टेशनं एवढंच माहीत होतं, मधली घरं, कालवे, दारातल्या कुंड्या, भाजीवाले हे सगळं त्या पुलानंतर कळलं.

आता मला सर्वात आवडलेली गोष्ट. सहा महिन्यांनी मागच्या चाकातली हवा रोज उतरायला लागली, पंक्चर काही सापडेना. दुकानातल्या आजोबांनी व्हॉल्व्ह उघडून बोटावर एक चिरलेला बारीक रबराचा तुकडा ठेवला आणि म्हणाले "मुशीगोमु". मुशी म्हणजे किडा. अहो ही तर आपली व्हालट्यूब! सांगलीला शाळेच्या कोपऱ्यावर सायकलवाले काका थुंकी लावून अशीच सरकवायचे. मी आजोबांच्या हातातून व्हॉल्व्हचा पितळी तुकडा घेतला, नवं रबर पाण्यात ओलं करून स्वतः चढवलं, ते बघतच राहिले. त्या दिवशी दुकानातून निघताना मला पहिल्यांदा वाटलं की इथलं काहीतरी मला आधीपासून येतं. ही रबरं शंभर येनच्या दुकानात मिळतात, चार-सहा महिन्यांनी बदला.

तक्रारी पण आहेत. जड आहे, जिन्यावरून नेता येत नाही. वादळाचा इशारा आला की आधीच आडवी करून ठेवावी लागते, नाहीतर रांगेतल्या सगळ्या एकावर एक पडतात. स्टेशनजवळ वाटेल तिथे लावली तर उचलून नेतात आणि सोडवायला पैसे पडतात, म्हणून पार्किंगमध्येच लावा. कासाई स्टेशनखालचं यांत्रिक पार्किंग एकदा बघाच, तिथल्या साध्या जागा धरून एकूण 9,400 सायकलींची सोय, पुढचं चाक खाचेत ठेवलं की यंत्र सायकल जमिनीखाली ओढून घेतं आणि परत मागितली की अर्ध्या मिनिटात दारात. माझा पाच वर्षांचा भाचा सुट्टीत आला होता, तो तिथून हलायलाच तयार नव्हता.

तर घ्या का? घ्याच, साधी तीन गिअरची घ्या, बास्केट मोठं बघा, 10 किलो आटा आणि एक कोबी मावला पाहिजे. आणि निशी-कासाईत राहत असाल आणि नोंदणीचा फॉर्म वाचता येत नसेल तर सांगा, शनिवारी सकाळी मी रिकामी असते, दुकानात सोबत येईन.