टीएलडी, ओएसएल की इलेक्ट्रॉनिक डोसीमीटर: अंगावर कोणता बॅज लावावा?

किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्याला किती किरण लागले, म्हणजे डोस किती झाला, हे मोजणारा बॅज (डोसीमीटर) निवडताना बहुतेक विभाग आधी किंमत पाहतात. आधी पाहायला हवेत ते किरण: त्यांची ऊर्जा किती, ते सलग येतात की स्पंदांत, आणि डोस त्याच क्षणी कळायला हवा की महिन्याने कळला तरी चालेल.

किरणोत्सर्गाचे शरीरावर दोन तऱ्हेचे परिणाम होतात. मोठ्या डोसने पेशी मरतात, आणि त्याला उंबरठा असतो: त्वचेवर तात्पुरती लाली साधारण २ ग्रेला (ग्रे हे ऊतीने शोषलेल्या डोसचे एकक) येते, डोळ्याच्या भिंगासाठी ०.५ ग्रे हा उंबरठा धरतात. कर्करोगाचे तसे नाही. तिथे डोसबरोबर शक्यता वाढते, आणि संरक्षणाच्या हिशेबात कोणताही डोस शून्य धोक्याचा मानत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षांची बेरीज ठेवावी लागते. आंतरराष्ट्रीय शिफारस कर्मचाऱ्यांसाठी ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला होणाऱ्या धोक्याच्या हिशेबाने डोस मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात कमाल ५० अशी आहे. डोळ्याच्या भिंगाची मर्यादा २०११ मध्ये वर्षाला १५० वरून सरासरी २० वर आणली गेली. त्वचेची आणि हातापायांची ५०० आहे. बॅज यासाठी ऊतीतल्या ठरावीक खोलीवरचा डोस दाखवतो: संपूर्ण शरीरासाठी १० मिलिमीटर, भिंगासाठी ३, त्वचेसाठी ०.०७.

टीएलडी आणि ओएसएल

टीएलडी म्हणजे थर्मोल्युमिनेसंट डोसीमीटर, ओएसएल म्हणजे ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स; दोन्हींचे तत्त्व एकच. किरण लागले की स्फटिकातल्या दोषांमध्ये इलेक्ट्रॉन अडकतात, नंतर ते सुटताना प्रकाश देतात आणि त्या प्रकाशावरून डोस काढतात. टीएलडीत ते उष्णतेने सोडवतात, ओएसएलमध्ये प्रकाशाने. व्यवहारातले जवळजवळ सगळे फरक इथूनच निघतात.

लिथियम फ्लोराइडचा टीएलडी शरीराशी जुळता आहे: त्याचा परिणामी अणुक्रमांक (संयुगातल्या सगळ्या अणूंचा मिळून धरलेला) सुमारे ८.२, मऊ ऊतीचा ७.४. डिस्प्रोशियम घातलेल्या कॅल्शियम सल्फेटचा टीएलडी कित्येक पट संवेदनशील, पण त्याचा अणुक्रमांक १५ च्या आसपास आहे. त्यामुळे ३० ते ४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचे एकक) इतक्या कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना तो सुमारे दहापट जास्त प्रतिसाद देतो. ही चूक काढण्यासाठी बॅजमधल्या कार्डावर तीन चकत्या असतात: एका चकतीवर धातूचा फिल्टर, दुसरीवर प्लास्टिक आणि तिसरी उघडी ठेवतात. तिन्ही वाचनांच्या गुणोत्तरावरून ऊर्जा आणि मग डोस ठरतो. कार्ड होल्डरमध्ये उलटे बसले किंवा सरकले, तर हे गुणोत्तरच बिघडते.

टीएलडी तापवला की साठलेली माहिती पुसली जाते. वाचन चालू असताना यंत्र बंद पडले तर तो महिना गेला. चकतीवर घाम, तेल किंवा धूळ असेल तर तीही तापल्यावर चमकते आणि खोटा डोस दिसतो. म्हणून वाचताना नायट्रोजन वायू सोडतात. पुन्हा वापरण्याआधी नेहमीचे लिथियम फ्लोराइड ४०० अंशांवर १ तास आणि १०० अंशांवर २ तास ठेवतात. थंड करण्याचा वेग दर वेळी सारखा हवा, नाहीतर संवेदनशीलता बदलते. मॅग्नेशियम-तांबे-फॉस्फरस घातलेला जास्त संवेदनशील प्रकार मात्र २४० अंशांच्या वर नेऊ नये, तो कायमचा मंदावतो.

ओएसएलमधल्या कार्बनयुक्त ॲल्युमिनियम ऑक्साइडवर हिरवा प्रकाश टाकतात आणि निघणारा निळा प्रकाश मोजतात. प्रत्येक छोट्या झोताने साठ्याचा अगदी लहान भाग खर्च होतो, त्यामुळे वाचनावर शंका आली तर तोच बॅज पुन्हा वाचता येतो. वादाच्या प्रसंगी याची किंमत कळते, आणि म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या क्ष-किरण विभागासाठी आमचा कल ओएसएलकडे आहे. त्याचे वैरी दोन. एक उजेड: होल्डरला तडा गेला आणि बॅज उन्हात राहिला तर साठा गळतो. दुसरे, परिणामी अणुक्रमांक ११.३ असल्याने कमी ऊर्जेला तोही वाजवीपेक्षा जास्त दाखवतो, म्हणून फिल्टर इथेही लागतात.

जुना फिल्म बॅज उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतो. नव्याने घेण्याचे कारण उरलेले नाही.

इलेक्ट्रॉनिक कुठे हवाच, कुठे फसवतो

औद्योगिक रेडिओग्राफीत (किरणांनी धातूचे जोड वगैरे तपासताना) इरिडियम-१९२ चा किरणोत्सारी स्रोत परत कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या संरक्षक पेटीत, गेला नाही, तर बॅज ते महिन्याने सांगणार. १ टेराबेक्वेरेल (किरणोत्साराच्या तीव्रतेचे एकक) एवढ्या स्रोतापासून १ मीटरवर डोसदर तासाला सुमारे १३० मिलिसिव्हर्ट असतो, म्हणजे वर्षाचे २० मिलिसिव्हर्ट ९ मिनिटांत. इथे डोस त्याच क्षणी दाखवणाऱ्या आणि वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डोसीमीटरला पर्याय नाही. गोंगाटाच्या जागी कंप देणारा घ्यावा. कमाल डोसदर ओलांडल्यावर तो ओव्हरलोड दाखवतो की आकडा खाली पाडतो, हे खरेदीआधी विचारावे. काही गायगर नळ्या (अशा उपकरणातल्या किरण मोजणाऱ्या वायूच्या नळ्या) प्रचंड डोसदराला चक्क शून्याकडे जातात.

रेखीय त्वरकाच्या (कर्करोगावर किरणोपचार देणाऱ्या यंत्राच्या) खोलीत मात्र हेच उपकरण फसते. तिथे किरण काही मायक्रोसेकंदांच्या स्पंदांत, सेकंदाला काही शे वेळा येतात. एक कण मोजल्यावर नळी जितका वेळ आंधळी राहते, तो काळ स्पंदापेक्षा मोठा असेल तर एका स्पंदात कितीही किरण आले तरी मोजणी एकच होते. सेकंदाला २०० स्पंद असतील तर २०० च्या वर आकडा चढूच शकत नाही. मूळ झोतात सापडलेल्या माणसाचा डोस त्यामुळे कितीतरी कमी दिसतो. टीएलडी आणि ओएसएलला स्पंदांचा त्रास नाही. कमी ऊर्जेचीही अडचण आहे: अनेक गायगर उपकरणे ५० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली विश्वासार्ह नसतात, आणि निदानाच्या क्ष-किरणांचा विखुरलेला भाग बराचसा तिथेच असतो. सिलिकॉन डायोडचे उपकरण घ्यावे आणि त्याची ऊर्जामर्यादा तपासावी.

न्यूट्रॉन असतील तर यातले नेहमीचे बॅज अपुरे. लिथियम-६ आणि लिथियम-७ च्या टीएलडी चकत्यांची जोडी किंवा गरम अल्कलीत कोरून वाचायचे सीआर-३९ प्लास्टिक लागते.

लावायचा कुठे

निवड बरोबर आणि जागा चुकीची, हे कॅथलॅबमध्ये (क्ष-किरणांखाली हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करतात त्या खोलीत) सर्रास होते. तिथे दोन बॅज हवेत: एक शिशाच्या ॲप्रनच्या आत, एक बाहेर कॉलरवर. प्रभावी डोससाठी (संपूर्ण शरीराचा मिळून धरलेला डोस) एक प्रचलित सूत्र आहे: आतल्याचा ०.५ पट अधिक कॉलरच्याचा ०.०२५ पट. महिन्याला आत ०.२ आणि कॉलरवर ४ मिलिसिव्हर्ट आले, तर प्रभावी डोस ०.२. बॅजची अदलाबदल झाली तर हाच आकडा २ होतो, म्हणून दोन्ही होल्डर वेगळ्या रंगांचे ठेवावेत. आता त्याच कॉलरच्या आकड्याकडे डोळ्यांच्या बाजूने पाहा. शिशाचा चष्मा नसेल तर वर्षाला ४८ मिलिसिव्हर्ट, मर्यादेच्या दुपटीहून जास्त, आणि आतला एकच बॅज लावणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधे हाताळताना, डोसीमीटरची अंगठी कमी वापराच्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी, संवेदक तळव्याकडे करून घालावी. बोटाच्या टोकाचा डोस तिथल्यापेक्षा सुमारे सहापट धरावा.

बॅजसोबत येणारा नियंत्रण बॅज कोणी अंगावर लावायचा नसतो; तो स्रोतापासून दूर ठेवावा. त्याचे वाचन सगळ्यांच्या डोसमधून वजा होते. तो क्ष-किरण खोलीच्या कपाटात राहिला तर अख्ख्या विभागाचे अहवाल शून्य येतात.

बदलण्याचा कालावधी बॅजच्या किमान मोजणीवरून, म्हणजे त्याला दिसू शकणाऱ्या सर्वांत लहान डोसवरून, ठरवावा. ती ०.१ मिलिसिव्हर्ट असेल आणि बॅज दर महिन्याला बदलला, तर वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आसपास डोस नजरेआड राहू शकतो. एरवी हे चालते. गर्भारपण कळवलेल्या कर्मचारी स्त्रीच्या बाबतीत चालत नाही, कारण गर्भारपणाच्या उरलेल्या काळात गर्भासाठी मर्यादाच १ मिलिसिव्हर्ट आहे. तिच्या नोंदीच्या बॅजसोबत ॲप्रनच्या आत पोटाजवळ, मायक्रोसिव्हर्टइतका (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) लहान डोसही दाखवणारा इलेक्ट्रॉनिक डोसीमीटर द्यावा आणि त्याचा आकडा दर पाळीनंतर वहीत लिहावा.