तयार चंद्रकला यंत्राच्या नावाखाली 14,180 रुपयांना गंडा: देखावे करणाऱ्या मंडळांनी हे वाचाच

चवथीला गणपतीने चंद्राला दिलेल्या शापाचं चलचित्र गोव्यात बरीच मंडळं करतात. आमच्या मंडळाला तिथीप्रमाणे आपोआप कला बदलणारा चंद्र हवा होता. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स कळणारी माणसं आहेत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण "माहिती नसताना कशाला या भानगडीत पडलात?" हे ऐकून कान किटलेत. सर्किट जोडायला आम्हाला कुणाची गरज नव्हती. अर्धा काळा, अर्धा पांढरा असा फूटभर व्यासाचा गोळा अक्षावर न डगमगता बसवणं आणि त्याची पेटी करणं हे सुतारकाम-टर्निंगचं काम आहे, आणि चवथीच्या तोंडावर त्यासाठी कारागीर मिळत नाही. सुटे भाग सगळे मिळून हजार-बाराशेच्या घरातले. वरचे पैसे कारागिरीचे म्हणून दिले. त्यात मूर्खपणा कसला?

इन्स्टाग्रामवरचा 'पुण्यातला वर्कशॉपवाला' होता. 6,500 आगाऊ, 6,500 माल पाठवण्याआधी, मग 1,180 'कुरिअरचा विमा'. सगळं यूपीआयने. पैसे घेणाऱ्याचं नाव दुकानाच्या नावाशी जुळत नव्हतं, "भावाचं खातं आहे" म्हणाला. माल आला, पण आतून खोटा.

संताप येतो तो त्याच्या पानावरच्या जाहिरातीच्या व्हिडिओचा. त्यात शुक्ल पक्षातला चंद्र डावीकडून उजळत होता. उत्तर गोलार्धासाठी केलेल्या कुठल्याही चंद्रकलेच्या डायलवर वाढता चंद्र उजवीकडून उजळतो. गोव्याच्या 15 अंश अक्षांशावर कोर आकाशात बरीच आडवी दिसते हे खरं, पण डायलवर डावीकडून वाढणारा चंद्र दक्षिण गोलार्धातल्या माणसासाठीच करतात. म्हणजे तो व्हिडिओ बहुधा तिकडच्या कुणाच्या तरी मेहनतीचा, चोरलेला. आम्ही विचारलंसुद्धा! उत्तर आलं, "सेल्फी कॅमेऱ्यात आरसा होतो, शिवाय कोडमध्ये दिशा उलटवता येते." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कॉइलचा क्रम उलटा केला की मोटार उलटी फिरते, हे कोणीही जाणकार मान्य करेल. त्याने खऱ्या माहितीचाच वापर करून आमचं तोंड बंद केलं. तिथेच म्हणायला हवं होतं, "मग उलटवून आजच्या वर्तमानपत्रासोबत नवा व्हिडिओ पाठव." तुम्ही म्हणा.

पेटी आली, टेबलावर लावली, चंद्र झोकात फिरला. हाच सापळा. डेमोमध्ये गोळा भरभर फिरतो आणि त्यात काहीही सिद्ध होत नाही. मोटार 28बीवायजे-48 (बारीक बारीक पायऱ्यांनी फिरणारी स्टेपर मोटार) असेल तर गिअरचं प्रमाण 64 नसून सुमारे 63.684 असतं, म्हणजे एका फेरीला 4096 नव्हे, 4075.77 अर्ध्या पायऱ्या. चांद्रमास 29.530588 दिवसांचा. गोळा मोटारीला थेट जोडला तर महिन्यात एक फेरी व्हायला दर 626 सेकंदांनी एक पायरी पडायला हवी. 4096 धरून हिशेब केला तर दर महिन्याला साधारण साडेतीन तासांची चूक साचत जाते. विक्रेत्याला फक्त एवढंच विचारा: पायरी किती सेकंदांनी? उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवा.

पेटी उघडल्यावर जे दिसलं ते असं. घड्याळाच्या चिपवर डीएस3231 छापलेलं, पण शेजारी चकचकीत क्रिस्टलची नळी. डीएस3231 चं क्रिस्टल चिपच्या पोटातच असतं, बाहेर नळी दिसली की समजा ती डीएस1307 आहे, नाव खरवडून दुसरं छापलेलं. बोर्ड ज्या पत्त्यावर चिपला हाक मारतो तो दोन्हींचा हेक्स 68 हाच, म्हणून कोड तक्रार करत नाही. खरी डीएस3231 तापमानही मोजते, तिच्या हेक्स 11 या जागेवरचा तापमानाचा आकडा वाचा. चिपवर एक-दोन मिनिटं बोट ठेवून तो हलला नाही तर माल खोटा. खरं तर चंद्रासाठी डीएस1307 सुद्धा चाललं असतं, 20 पीपीएम (दहा लाखांत 20) चुकलं तरी दिवसाला पावणेदोन सेकंद. पण घड्याळाची चिप बोर्डाच्या ज्या पिनांना जोडतात त्या ए4 आणि ए5 च्या तारा हॉट ग्लूखाली नुसत्या चिकटवलेल्या होत्या! बोर्डाला त्या जोडलेल्याच नव्हत्या. सगळी वेळ आर्डुइनो नॅनो बोर्डाच्या स्वतःच्या सिरॅमिक रेझोनेटरवर (क्रिस्टलऐवजी वापरलेला स्वस्त भाग), जो अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो, म्हणजे दिवसाला सात मिनिटं. आणि लाईट गेली की पुन्हा अमावास्येपासून सुरुवात. गोव्याच्या पावसात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको.

गोळ्याची सुरुवातीची जागा चुंबकावरून ओळखणारा हॉल सेन्सर ए3144 म्हणून दिलेला, निघाला 49ई. दिसायला तसाच, तीन पायांचा. 5 व्होल्ट देऊन चुंबकाशिवाय आउटपुट मोजा. अडीच व्होल्टच्या आसपास आले तर तो लिनिअर, म्हणजे चालू-बंद न होता चुंबकाच्या जोराप्रमाणे कमी-जास्त होणारा, आपल्या कामाचा नाही. ए3144 ला 10 किलोओहमचा पुल-अप (आउटपुट आणि 5 व्होल्ट यांच्यात रेझिस्टर) लावला की 5 दिसतात आणि चुंबकाची योग्य बाजू जवळ नेली की शून्याकडे जातात. एकच ध्रुव चालतो, म्हणून चुंबक उलटून पाहिल्याशिवाय सेन्सरला दोष देऊ नका.

मोटारीवर 5 व्होल्टचं स्टिकर होतं, आत 12 व्होल्टची. लाल तार आणि इतर कुठलीही तार यांच्यात मीटर लावा. 5 व्होल्टच्या मोटारीत पन्नास ओहम किंवा कमी येतात, शंभराच्या वर गेले तर ती 12 ची, आणि ती 5 वर गुणगुणत राहते, गोळा ओढत नाही. बोर्डावरची मुख्य चिप एटीमेगा328पी सांगितलेली. तिची सही, म्हणजे चिपमधला ओळखीचा आकडा, 1ई 95 0एफ यायला हवी, आली 1ई 94 ने सुरू होणारी, म्हणजे 168 च्या कुळातली, निम्म्या मेमरीची.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यावर पहिला प्रश्न, "वस्त पावली न्ही? मागीर फसवणूक कशी?" (वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कशी?) खोटी चिप आणि न जोडलेल्या तारा दाखवल्या तर म्हणे हा दिवाणी मामला. मग "आरोपी पुण्याचा, हद्द आमची नाही". साफ चुकीचं! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. खोटं सांगून पैसे काढणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये बसतं. हे नम्रपणे सांगितलं तर "तुम्ही वकील का?" सायबरवाले म्हणाले रक्कम लहान. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. म्हणजे 14,180 रुपये वर्गणीतून गोळा केलेल्या मंडळाने कुणाच्या दारात उभं राहायचं? रक्कम लहान आहे म्हणूनच असे लोक शेकडो ठिकाणी हात मारतात, हे त्या खुर्चीतल्या माणसांना कळत नाही असं मानायला आम्ही तयार नाही.

लेखी तक्रार द्या, पोचपावतीशिवाय उठू नका. पैसे गेल्या गेल्या आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, ठाणं नंतर. पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा, हॉट ग्लूही कॅमेऱ्यासमोरच खरवडा. बिलावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहा: गोवा 30, महाराष्ट्र 27. आमच्या 'पुण्याच्या' बिलावर 29 होते, म्हणजे कर्नाटक. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आमची तिथे दाखल आहे.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या पानावर दिवाळी सवलतीत फिरतोय. काळी पेटी, पितळी कडं, आणि शुक्ल पक्षात डावीकडून उजळणारा चंद्र. दिसला की रिपोर्ट करा आणि पानाचं नाव आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाका.