बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय: कुठल्या विमानापाशी किती थांबायचं

लष्करी इतिहासाची आवड असणाऱ्यानं गोव्यात एकच जागा बघायची ठरवली, तर ती बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय असावी. ते 1998 पासून सुरू आहे. वास्कोहून पायलट (मोटारसायकल टॅक्सी) किंवा रिक्षानं पोचता येतं. सोमवारी बंद असतं. बहुतेक मंडळी फोटो काढून अर्ध्या तासात किनाऱ्याकडे वळतात. नीट बघायचं तर दोन तास लागतात. विमानं उघड्यावर उभी आहेत आणि ऊन चढलं की पत्र्याच्या चकाकीत सांधे, बिजागऱ्या, अंक काहीच दिसत नाही. म्हणून सकाळी आधी बाहेरचा भाग बघावा, आतलं दालन नंतर.

सुरुवात सुपर कॉन्स्टेलेशनपासून करावी. चार इंजिनं, तीन शेपट्या, पंखांची लांबी सुमारे 37.5 मीटर. एअर इंडियाकडून ही विमानं हवाई दलाकडे गेली आणि 1976 मध्ये नौदलाकडे, सागरी टेहळणीसाठी. पण इथं थांबायचं कारण 1961 च्या गोवा मुक्तीच्या लढाईत आहे. 18 डिसेंबरला पुण्याहून आलेल्या भारतीय हवाई दलाच्या 12 कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी जवळच्याच दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, मग आणखी 8 आली. विमानतळाच्या इमारतींना हात लावायचा नव्हता. त्यामुळे तिथं उभी असलेली दोन मोठी प्रवासी विमानं वाचली: पोर्तुगीज कंपनीची याच जातीची एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-4. रात्रीत खड्डे घाईनं बुजवून दोन्ही उडाली ती थेट कराचीला.

‘धावपट्टी शाबूत असती तर पोर्तुगालनं कुमक उतरवली असती’ हा तर्क वारंवार ऐकू येतो. या विमानाखाली उभं राहून तो तपासून बघा. रिकाम्या विमानाला कमी पट्टीवरून उडता येतं. सैनिक आणि दारूगोळा भरून आलेल्याला उतरायला लांब, धड पट्टी लागते. बरं, ते येणार कुठून? पोर्तुगालचं सैन्य त्या वर्षी अंगोलात गुंतलं होतं, ब्रिटननं जुन्या तहानुसार मदत द्यायला नकार दिला होता, आणि गोव्यात पोर्तुगालचं एकही लढाऊ विमान नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतला युद्धबंदीचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारानं पडला नसता तरी 19 तारखेच्या रात्री शरणागती झालीच होती. निकाल नाही, पण किंमत बदलू शकली असती: शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा आदेश गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांनी पाळला असता, तर पणजी आणि मुरगावची काय अवस्था झाली असती, हा खरा प्रश्न आहे.

तिथून विमानवाहू जहाजावरच्या दोन विमानांकडे जा: लढाऊ सी हॉक आणि पाणबुड्या शोधणारं आलिझे. या दोन विमानांना निदान अर्धा तास द्यावा. आलिझेच्या पोटाशी मागच्या बाजूला रडारचा घुमट बघा. पाणबुडीची शिकार करताना तो खाली उतरवत. चाकं ज्या फुगीर कोशांत मिटतात, त्यांतच पाणबुडीचा आवाज टिपणारे, पाण्यात टाकायचे तरंगते बोये ठेवत. शेपटीखालचा, उतरताना डेकवरची तार पकडणारा आकडा आणि पंखांचा दुमडायचा सांधा चुकवू नका, जहाजावर जागा किती तोकडी असते हे त्यावरूनच कळतं. सी हॉकला इंजिन एकच, पण धूर बाहेर टाकणारी तोंडं दोन, पंखांच्या मुळाशी.

ही दोन्ही विमानं विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडत. 1971 च्या भारत-पाक युद्धाच्या वेळी तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे वेग कमी. वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा कमी, आणि पडलेल्या वाऱ्यात जड आलिझे उडवणं अवघड. पाणबुडीला सर्वांत सोपं सावज ठरावं अशीच ही स्थिती. म्हणून विक्रांत अंदमानात लपवली आणि विशाखापट्टणसमोर राजपूत या विनाशिकेनं तिचं सोंग घेतलं. 3-4 डिसेंबरच्या रात्री गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी तिथंच बुडाली. कशामुळे, यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. 4 तारखेला विक्रांतवरची सी हॉक पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर तुटून पडली.

सी हॅरियरपाशी इंजिनाचा झोत वळवणाऱ्या चार फिरत्या नळ्या फक्त बघितल्या तरी पुरे. ही विमानं मे 2016 मध्ये निवृत्त झाली. आतल्या दालनात जहाजांच्या प्रतिकृतींपुढे थांबा आणि सी हॉक उतरायला किती डेक मिळायचा याचा अंदाज घ्या.

जाताना बंगालच्या उपसागराचा नकाशा कागदावर छापून न्या. विशाखापट्टण ते पोर्ट ब्लेअर सुमारे 1200 किलोमीटर भरतं. गाझीनं दिशा बदलून तेवढं अंतर कापलं असतं तर काय, हे आलिझेच्या सावलीत बसून मोजता येतं.