दोन पदरी लायनरच्या नावाखाली एक पदर: 3,86,298 रुपयांचा फटका

काकवी, मध, तेल, फळांचा गर, जे कुणी हजार लिटरच्या, बाहेरून लोखंडी पिंजरा असलेल्या प्लास्टिकच्या टाक्यांत भरून पाठवतात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. कर्नाटकातल्या आमच्या निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी भागात आता बऱ्याच गुऱ्हाळांवर ढेपेबरोबर काकवीही निघते आणि ती डब्यातून नाही, टाकीतून जाते. टाकीत आतून घालायचं प्लास्टिकचं लायनर, म्हणजे टाकीएवढी मोठी पिशवी, विकणारा एक माणूस सध्या या पट्ट्यात फिरतोय. त्याने मला फसवलं, आणि माझ्यानंतर आणखी दोघांना फसवलं हेही मला आता कळलंय.

लायनर कशाला, असं विचारणाऱ्यांनी कधी काकवीची रिकामी टाकी धुतलेली नसते. तळाला आणि कोपऱ्यांत चिकटलेली काकवी काढायला गरम पाणी लागतं, माणूस अर्धा दिवस अडकतो, आणि एवढं करून आत थोडं जरी पाणी राहिलं तरी पुढची भरलेली काकवी तिथेच पातळ होऊन आंबायला लागते. घट्ट काकवी टिकते, पाणी लागलेली टिकत नाही. म्हणून एकदा वापरून टाकायचं लायनर परवडतं. गोव्याचा माझा गिऱ्हाईकही लायनरशिवाय माल घेत नाही. त्यामुळे हौस म्हणून घेतलं असं कुणी म्हणू नका.

मी अभ्यास न करता घेतलं असंही नाही. उशीसारखं चौकोनी लायनर स्वस्त असतं, पण टाकीच्या कोपऱ्यांत त्याच्या घड्या पडतात आणि घट्ट माल त्या घड्यांत अडकतो. टाकीच्या आकाराचं बेतलेलं लायनर महाग, पण शेवटपर्यंत रिकामं होतं. काकवीला हे टाकीच्या आकाराचंच लागतं. शिवाय अन्नाला चालणारं पॉलिथिन आयएस (भारतीय मानक) 10146 प्रमाणे हवं, आणि प्लास्टिकमधून मालात उतरणाऱ्या अंशाची चाचणी आयएस 9845 प्रमाणे झालेली हवी. मर्यादा किलोला 60 मिलिग्रॅम. हे मी त्याला फोनवर विचारलं होतं. त्याने चाचणीचा कागद पाठवला. कागद खरा होता, फक्त तो मला आलेल्या मालाचा नव्हता.

एका मोठ्या उत्पादकाचा भाव नगाला 1,180 रुपये होता. याने 780 सांगितला. दोन पदरी, प्रत्येक पदर 100 मायक्रॉन, टाकीच्या आकाराचं, वर भरायचं तोंड, खाली कॉकला बसणारं नळकांडं. भावातला फरक बघून मला शंका आली नाही का? आली. मी तसं स्पष्ट विचारलं. "दादा, आमचं कोल्हापूरला युनिट आहे, तुम्ही शेजारचे, वाहतूकच वाचते," असं तो म्हणाला. कोल्हापूर आम्हाला परकं नाही. आमचा गूळ तिकडच्या पेठेत गेला, आमची लग्नं तिकडे झाली. त्या एका वाक्यावर मी विश्वास ठेवला आणि त्याला तेच हवं होतं. नमुना मागवला. नमुना उत्तम होता: जाड, दोन पदर वेगळे दिसणारे, वास नाही. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला, चालू दाखवत होता. याच्यापुढे सामान्य गुऱ्हाळवाल्याने अजून काय बघायचं, ते मला शहाण्यांनी सांगावं.

120 नग, 93,600 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 16,848. एकूण 1,10,448. निम्मे 55,224 आधी पाठवले, निम्मे माल निघाल्याचा फोटो आल्यावर. खातं एका व्यक्तीच्या नावावर होतं. मालकाचं नाव तेच आहे म्हणाला, आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्यात तसं असतंही. पण पोर्टलवर धंद्याच्या नावाबरोबर मालकाचं कायदेशीर नावही दिसतं, आणि खातेदाराचं नाव त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे 1 एप्रिल 2025 पासून आरटीजीएस-एनईएफटी करताना बँक समोरच्या खातेदाराचं नाव आधी दाखवते. ते दोन्ही नावं शेजारी ठेवून वाचा. तो जीएसटी नंबर खऱ्या, पत्र्याचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याचा निघाला. त्यांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, आमच्या नंबरवर कुणीतरी लायनर विकतोय हे आम्हालाही आत्ताच कळतंय.

आता माल आला त्या संध्याकाळबद्दल. गठ्ठा पार्सलच्या गाडीने आला. बिल्टीवर, म्हणजे गाडीवाल्याच्या मालाच्या पावतीवर, 120 नग, वजन 84 किलो, आणि माझ्याकडून भाड्याचे 2,350. मी सही केली.

84 किलो.

आयुष्यभर तराजूवर जगलेला माणूस मी. ढेप उचलली की पाव किलोच्या फरकाने वजन सांगतो. हजार लिटरच्या टाकीला आतून साधारण साडेसहा चौरस मीटर प्लास्टिक लागतं. 100 मायक्रॉनचे दोन पदर धरले तर एका लायनरचं वजन नुसत्या प्लास्टिकचंच एक किलो दोनशे ग्रॅमच्या आसपास जातं, तोंडं-नळकांडी वेगळी. 120 नगांचे दीडशे किलो व्हायलाच हवेत. माझ्या हातातल्या कागदावर जवळजवळ निम्मं वजन होतं, म्हणजे एक पदर आणि दोन पदर यातला फरक. चोरी त्याच्या तोंडात नव्हती, बिलात नव्हती, ती त्या बिल्टीवर छापून माझ्या दारात उतरली होती आणि मी खाली नाव लिहून दिलं.

पण त्या वेळी काय चाललं होतं तेही लिहितो, कारण ज्यांनी गुऱ्हाळ चालवलेलं नाही ते लगेच बोट दाखवतात. जानेवारीचा महिना. ऊस तोडून अंगणात पडलेला. तोडलेला ऊस एक दिवस पडला तरी त्यातली साखर उतरायला लागते. चुलवाण पेटलेलं, काहील उकळतेय, गुळव्या ओरडतोय, आणि काकवी 105-106 अंशांला उतरवायची ती वेळ चुकली तर ती काकवी राहत नाही, गूळ होतो. अशा वेळी दारात गाडीवाला उभा राहून "लवकर सही करा, कोगनोळी पलीकडे जायचंय" म्हणतो तेव्हा कोण गणित मांडतं? वरचे आठ-दहा नग मी उघडून बघितले. ते नमुन्यासारखेच होते. त्याने चांगले वर रचले होते, हे तेव्हा कसं कळणार?

बिलाबद्दलही सांगतो, कारण ते तर त्याहून उघड होतं. बिलावर केंद्राचे 9 टक्के आणि राज्याचे 9 टक्के, 8,424 अधिक 8,424, असा कर लावला होता. महाराष्ट्रातून कर्नाटकात माल आला तर आयजीएसटीची, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराच्या कराची, एकच ओळ 18 टक्क्यांची येते. 27 ने सुरू होणारा जीएसटी नंबर महाराष्ट्राचा, 29 चा कर्नाटकाचा. सीमेवर धंदा करणाऱ्याला हे रोजचं. ज्याने हे बिल बनवलं त्याने कधी राज्याबाहेर माल पाठवलेला नव्हता, किंवा ते बिल कुठे नोंदवायचंच नव्हतं. सोबत ई-वे बिलही (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) नव्हतं, जे 50,000 वरच्या मालाला राज्य ओलांडताना लागतंच. तुमच्याकडे बाहेरच्या राज्याचं बिल आलं तर खालची रक्कम बघायच्या आधी कराची ओळ बघा.

चार टाक्या भरल्या. एका टाकीत साधारण 1,350 किलो, एकूण 5,400 किलो, दर 58, म्हणजे 3,13,200 रुपयांचा माल. काकवी निववून भरली, कढत भरली नाही, हे ठासून लिहितो, कारण त्या माणसाने नंतर फोनवर मलाच म्हटलं की तुम्ही गरम माल घातला म्हणून फाटलं. गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाटाच्या वळणांनी माल टाकीत हिंदकळला, एक पदराचं लायनर खालच्या कॉकच्या नळकांड्यापाशी चिरलं, काकवी लायनर आणि टाकी यांच्यामध्ये उतरली. दोन टाक्यांतून ती बाहेर गळत होती. उरलेल्या दोन गळाल्या नाहीत, पण उघडल्यावर रॉकेलसारखा वास. पुन्हा वितळवलेल्या प्लास्टिकच्या दाण्याचा तो वास असतो. गिऱ्हाईकाने चारही टाक्या परत पाठवल्या आणि त्याला मी दोष देत नाही, त्याला बेकरीला माल द्यायचा असतो. वास आलेली आणि गळून उरलेली 5,050 किलो काकवी पशुखाद्यवाल्याने 14 रुपयांनी नेली, 70,700 आले. जाण्या-येण्याचं गाडीभाडं 31,000. लायनरचे 1,10,448 आणि पार्सलचे 2,350 धरून सगळं मिळून 3,86,298 रुपये गेले. उसाचे पैसे शेतकऱ्यांना मी रोख दिलेत, ते कुणाकडे मागू?

जुनी टाकी घेणाऱ्यांना जाता जाता: लायनर घातलं म्हणजे रसायनाची टाकी अन्नाची होत नाही. होते असंही हा लायनरवाला सांगतो. ऐकू नका.

आता तक्रारीचं. आधी आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. मराठीत लिहिलेला अर्ज बघूनच समोरचे साहेब म्हणाले, "कन्नडदाग बरकोंड बर्री," म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. मी कन्नड बोलतो, समजतो, पण चार पानांचा हिशेब मी माझ्या भाषेत लिहिला होता. घटनेच्या कलम 350 प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं कोणत्याही अधिकाऱ्याला देता येतं. ते मी सांगितलं तर वाद घालतोय असं ठरलं. मग शेजारच्या मास्तरांकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं. तो अर्ज वाचून उत्तर आलं की हा दिवाणी मामला आहे, माल मिळालाय ना, दर्जाचा वाद कोर्टात न्या. दुसऱ्याच्या जीएसटी नंबरवर बिल फाडणं हा दर्जाचा वाद? भारतीय न्याय संहितेच्या 318 मध्ये फसवणूक म्हणतात ती याहून वेगळी काय असते? नंतर सूर बदलला: विकणारा महाराष्ट्रातला, तिकडे जा.

तिकडे गेलो. तिथे मराठीत ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाले, "काका, तुमचे पैसे कर्नाटकातल्या बँकेतून गेले, माल कर्नाटकात उतरला, गुन्हा तिकडेच दाखल होणार." सीमेच्या अलीकडे भाषा आडवी, पलीकडे हद्द आडवी. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवायची. कलमाचा कागद मी छापून नेला होता. तो त्यांनी वाचला, घडी घालून मला परत दिला.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या 1930 या नंबरवर फोन केला. पैसे स्वतःहून पाठवले आणि माल मिळाला, म्हणून तक्रार पुढे सरकली नाही. पण ऐका: माल हातात यायच्या आधी संशय आला तर 1930 वर तासाभरात करा, कारण पैसे खात्यातून पुढे जायच्या आधीच ते थांबवता येतात. माझ्यासारखी बिल्टीची वाट बघू नका. कराच्या कार्यालयात सांगितलं गेलं की 27 चा नंबर आमच्याकडे नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 2019 च्या कायद्यात ग्राहक धरत नाहीत. त्यात एक अपवाद आहे, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलं असेल तर चालतं, आणि मी त्याच अपवादावर अर्ज करतोय. गुऱ्हाळावर माझं घर राबतं, ते कुणी येऊन बघावं.

नवीन लायनर घेताना मी आता गठ्ठा उतरवायच्या आधी काट्यावर टाकतो, मधला एक आणि तळचा एक काढून कोपऱ्यात हवा भरून साबणाचं पाणी लावतो, आणि थोडी कोमट काकवी आत बांधून रात्रभर ठेवून सकाळी वास घेतो. गाडीवाला ओरडला तर ओरडू द्या. पूर्ण पैसे माल तपासल्यावर, आणि धंद्याच्या नावाच्या खात्यातच. नमुना फेकू नका. माझ्याकडे तो जपून ठेवलाय, वजनासह, आणि आलेल्या मालातले चार नग सीलबंद करून ठेवलेत.

माझ्यासारखंच ज्या दोघांचं झालं त्यातले एक हुक्केरी तालुक्यातले तेलघाणीवाले आणि एक चंदगडकडचे मधवाले. तिघांच्या बिलावर धंद्याची नावं वेगळी, पण बँक खातं एकच. चिकोडी, अथणी, खानापूर, चंदगड, कागल भागात आणखी कुणाकडे असं बिल असेल तर ते फाडू नका, लाजेने गप्प बसू नका. बिल, बिल्टी आणि पैसे गेल्याची बँकेची नोंद घेऊन या. एकट्याच्या अर्जाला दोन्हीकडचे साहेब हद्द दाखवतात. चार-पाच जणांचे अर्ज एकाच खातेक्रमांकावर जमले तर पोलीस अधीक्षकांच्या टेबलावर आम्ही ते एकत्रच ठेवणार आहोत. तिघांची सही झालेला अर्ज तयार आहे, खाली जागा सोडलेली आहे.